मगदुमांच्या घरातला मध

"छाती साफ आहे," कानातल्या नळ्या काढत डॉक्टर जमादार म्हणाले. "ब्राँकायटिस गेला. आता राहिलाय तो नुसता मागचा खोकला."

"ऱ्हायलाय म्हंजे काय, मुक्कामच टाकलाय!" अक्का म्हणाली. "आमच्या दाराला कडी वाजवायची गरज न्हाई बघा. राजमती खोकली की समजायचं, मगदुमांचं घर आलं."

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, कांचनमाला. माझ्यासोबत तिला दवाखान्यात धाडलं होतं. ती स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसली. मीही हसायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खोकले.

"कधी जाईल हो?" मी विचारलं. "पौषात मुनिसंघ येणार आहे गावात."

"गुडघा सोलवटला तर खपली धरायला वेळ लागतो की नाही? तुमच्या श्वासाच्या नळ्या आतून तशाच सोलवटल्यात. तीन-चार आठवडे जातील, कधी जास्तही. पुन्हा पुन्हा जालीम गोळ्या मागायला येऊ नका, त्यांचं काम आता संपलं. वाफ घ्या, मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करा, धुराजवळ फिरकू नका. ताप चढला, धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, तर मात्र त्याच दिवशी या. आणि झोपताना चमचाभर मध."

अक्कानं माझ्याकडे बघितलं, मी अक्काकडे.

"आम्ही जैन आहोत," मी म्हटलं. "मध चालत नाही."

"औषध म्हणूनसुद्धा?"

"औषध म्हणूनसुद्धा नाही."

डॉक्टर हसले. "मग तुमच्या गुऱ्हाळाची काकवी घ्या. कोमट पाण्यात थोडी थोडी. घसा ओला राहिल्याशी मतलब."

हे सगळं अक्काच्या देखत झालं. मी मधाला नाही म्हटलं, तेसुद्धा तिनं कानांनी ऐकलं. पुढच्या सगळ्या गोष्टीत एवढं ध्यानात ठेवा.

आमचं गाव वारणाकाठचं. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि मला एकच ध्यास होता: आपल्या हातानं मुनिमहाराजांना आहार द्यायचा. ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत जेवतात. कुणाच्या घरी जेवणार हे आधी ठरत नाही. ज्यांना आहार द्यायचा ते घरात चौका लावतात, म्हणजे सगळं शुद्ध करून वेगळा स्वयंपाक करतात, आणि घरातली माणसं कलश घेऊन दारात उभी राहतात. महाराज देवळातून निघतात, वाटेतल्या प्रत्येक दारातून लोक 'इथं थांबा' म्हणून हाका घालतात, "नमोस्तु महाराज, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ!" महाराज थांबले की घरच्यांनी मोठ्यानं शब्द द्यायचा: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजलशुद्धी. आमचं मन, बोलणं, अंग आणि अन्नपाणी शुद्ध आहे. मगच महाराज उंबरा ओलांडतात.

माझी आई विधवा. कृष्णेपलीकडच्या गावात ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या चौक्यात दळणकांडण करत राहिली. कलश कधी तिच्या हातात आला नाही. माझं लग्न मगदुमांच्या घरात ठरलं त्या दिवशी तिनं नेम धरला, 'माझ्या लेकीच्या हातचा आहार महाराजांच्या ओंजळीत पडंस्तवर गूळ खाणार न्हाई.' दोन वर्षं ती बिनगुळाचा चहा पीत होती. संक्रांतीचा तीळगूळसुद्धा हातात घेऊन कपाळाला लावायची आणि शेजारच्या पोरांना वाटून टाकायची.

आता खोकल्याचं आलं ना ध्यानात? खोकणारी बाई चौक्यात चालत नाही. थुंकीचा कण उडाला तर अंतराय येतो, महाराज ओंजळ सोडतात आणि तो दिवस उपाशी राहतात. सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, मला स्वच्छ सांगितलं होतं, "संघ यायच्या आत खोकला गेला तर तू फुडं. न्हाई गेला तर कांचन."

मी कंबर कसली. सकाळ-संध्याकाळ न्हाणीतल्या हंड्यावर डोक्यावरून लुगडं घेऊन वाफ घ्यायची. मिठाच्या गुळण्या करायच्या. आलं आमच्यात चालत नाही, ते कंदमूळ. पण वाळवलेली सुंठ चालते. सुंठीची चिमूट आणि दोन मिऱ्यांची पूड काकवीत कालवून दिवस मावळायच्या आत चाटायची, कारण दिवस बुडाल्यावर आमच्यात पाणीसुद्धा नाही. धूर नको म्हणून गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी भाकरी पोचवायचं माझं काम आत्यांनी अक्काकडे दिलं. ते तिला झोंबलं.

"नशीब काढलंस बाई," ती म्हणायची. "एकदा खोकलं की दोन मैल चालायचं वाचतं. मला पण शिकीव की."

"चाला की अक्का, चालल्यानं अंग उतरतं," मी एकदा बोलून गेले. मस्करीत हो. पण अक्काचं अंग हा घरात नाजूक विषय होता. माघात तिच्या भावाचं लग्न होतं, आणि शालूवरचं पोलकं तिच्या दंडात अडकायला लागलं होतं. ती भाकरीचं गाठोडं उचलून तडक निघून गेली. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

खोकला हळूहळू उतरला. आधी रात्रीचा गेला, मग हसताना यायचा तो गेला. शेवटी फक्त पहाटे गार हवा लागली तर घशात कुसळ टोचल्यासारखं व्हायचं, तेही उजाडल्यावर पाण्याच्या घोटानं जायचं. आत्या दाराआडून कान देऊन असायच्या. एक दिवस स्वतःच म्हणाल्या, "गेला की गं तुझा खोकला! मग तूच धर कलश. आईला बोलावून घे."

मी त्याच दिवशी निरोप धाडला.

संघ गावात आला. दुसऱ्या दिवशी आमचा चौका लागायचा होता, म्हणून घर झाडून-पुसून काढायला घेतलं होतं. आत्यांनी माझ्या खोलीतली पेटी ओढली. पेटीमागं फडक्यात गुंडाळलेली एक काचेची बाटली निघाली. तळाला दोन बोटं उरलेलं, घट्ट, पिवळसर काहीतरी.

"ह्ये काय गं राजमती?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. "काकवी असेल. पण माझी काकवी तर फडताळात आहे, पितळी डब्यात."

अक्का हातातली केरसुणी टाकून पुढं आली. बूच काढलं, नाकाशी नेलं आणि बाटली लांब धरली.

"आत्या, मध हाय ह्यो!"

आत्या दोन पावलं मागं सरल्या, जणू बाटलीत नाग होता.

"तरीच!" अक्का म्हणाली. "मी म्हंतेय, येवढा हट्टी खोकला असा गेला कसा? डॉक्टरनं सांगितलंच हुतं हिला, मध घे म्हणून. माझ्या म्होरं सांगितलं. शपथेवर सांगते."

"आणि मी काय म्हटलं ते सांगा की!" मी ओरडले. "मी नाही म्हटलं होतं ना? तुम्ही तिथंच होता!"

"म्हंटलं असशील. माझ्या म्होरं दुसरं काय म्हणणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर वाफेनं तोंड भाजून घेतलं, सुंठ चाटून जीभ सोलवटून घेतली, आणि आता माझं बरं होणंच माझ्यावरचा पुरावा झालं होतं. खोकत राहिले असते तर निर्दोष ठरले असते!

"आत्या, मला विचारा तरी," मी त्यांच्या पायाशी बसले. "एकदा विचारा. मी काय घेत होते, कधी घेत होते, सगळं सांगते."

"तुला काय इचारायचं?" आत्या म्हणाल्या. "बाटली बोलतीया की."

नेमकी तेव्हाच आई दारात आली. एका हातात पिशवी, पिशवीत धुऊन घडी केलेलं पांढरं लुगडं, दुसऱ्या दिवशी आहाराच्या वेळी नेसायचं. चेहरा असा उजळलेला, मी तिला तशी कधी बघितली नव्हती. एस.टी.च्या धुळीनं केस पांढरे झालेले. तिनं आत्यांकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, मग खाली बसलेल्या माझ्याकडे.

आत्यांनी तिला आत या म्हटलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"खाल्लास?" आईनं मला एवढंच विचारलं.

"नाही आई."

आई आत्यांकडे वळली. "माझ्या लेकीला खोटं बोलाय येत न्हाई, विहीणबाई."

"मध खायाला येतोय न्हवं!" आत्या म्हणाल्या.

आईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.  ती तशीच वळली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं धावले. तिनं मान हलवली आणि पाणी न पिता परतीच्या गाडीला गेली. पांढरं लुगडं घडीचं घडीत राहिलं.

आमचे हे संध्याकाळी गुऱ्हाळावरून आले. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे गं. आठ दिवसांत समदी इसरतील."

त्यांच्या घरचं माणूस उंबऱ्यावरून परत गेलं नव्हतं, म्हणून त्यांना विसरता येत होतं. मला येत नव्हतं. मी रडायचं थांबवून विचार करायला लागले, आणि एक गोष्ट माझ्या डोक्यात अशी घट्ट बसली की हलेना. मगदुमांच्या घरात मध कधी आला नाही. मला त्याचा वास ठाऊक नव्हता, आत्यांना नव्हता. नजरेस पडला असता तर आम्ही त्याला काकवीच म्हटलं असतं. मग अक्कानं तो एका हुंगण्यात कसा ओळखला?

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी वाफेला न्हाणीकडे निघाले. गोठ्यामागं भांडं वाजलं म्हणून डोकावले. अक्का उभी होती. हातात कोमट पाण्याचा पेला. तिनं पेल्यात लिंबू पिळलं, भुशाच्या पोत्यात हात घातला आणि गुलाबपाण्याची निळी बाटली काढली. त्यातून चमचाभर दाट, पिवळं काहीतरी पेल्यात सोडलं. ढवळलं. नाक मुरडून, डोळे मिटून, एका दमात प्यायली.

तेव्हा उलगडलं सगळं. पोटावरचं उतरायला लिंबू-पाणी-मध घ्या म्हणून मासिकात छापून येतं, ते तिनं मला स्वतःच वाचून दाखवलं होतं आणि वर 'आपल्याला काय उपेग' असंही म्हणाली होती. घर झाडायचं ठरलं तेव्हा एक बाटली लपवायला तिला जागा सापडेना, म्हणून माझी पेटी सापडली. एका दगडात दोन पक्षी. तिची चोरीही झाकली आणि कलशही तिच्या हाती आला.

ही बाई आता अंघोळ करून, शुद्ध कपडे नेसून, महाराजांना 'कायशुद्धी' म्हणणार होती!

पळत जाऊन आत्यांना सांगावं असं क्षणभर वाटलं. पण सांगून काय होणार होतं? अक्का म्हणाली असती, ही पण राजमतीचीच बाटली. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारं घर ते. तिथं एकदा सुळी दिलेल्या संन्याशाचं कोण ऐकणार? आणि खरं सांगते, मला नुसतं निर्दोष सुटायचं नव्हतंच. मला अक्काच्या तोंडून ऐकायचं होतं. तेही उंबऱ्यावर, जिथून माझी आई परत गेली त्याच जागी, गावाच्या देखत.

अक्का गेल्यावर मी पोत्यात हात घातला. बाटली पाऊण भरलेली होती. ती मी रिकामी केली. कुठं केली, ते योग्य वेळी सांगेन. मग राखेनं आणि उकळत्या पाण्यानं आतून-बाहेरून घासली आणि पदराखाली ठेवली.

चौका पुढच्या खोलीत लावला होता. त्या खोलीला बोळाकडे गजांची खिडकी आहे. मला चौक्यात यायला बंदी होती, पण बोळात उभं राहायला कुणी बंदी घातली नव्हती. मी कोपऱ्यावर अशी उभी राहिले की खिडकीतून चौकाही दिसावा आणि मान वळवली की पुढचं दारही. शेजारी चौगुल्यांकडेही चौका लागला होता, त्यांची माणसं दारात दाटली होती. ते मी आधीच बघून ठेवलं होतं. महाराज उपाशी राहतील असं काही माझ्या हातून होणार नव्हतं, एवढी शुद्ध मला होती.

देवळाची घंटा वाजली. "निघालं, महाराज निघालं!" असा गल्लीच्या टोकाला गलका झाला. आत अक्का एकटीच होती, दुधाच्या भांड्यावरचं झाकण सारखं करत. नारळ, पाणी, लापशी, भात, आमटी, काकवी, उसाचा रस, सगळं ओळीनं मांडलेलं. मी खिडकीच्या गजांवर हळूच टकटक केलं.

अक्कानं वर बघितलं.

मी पदराखालून निळी बाटली काढली. तिच्या डोळ्यांसमोर बूच काढलं आणि बाटली उलटी केली. थेंबसुद्धा पडला नाही. मी बाटली दोनदा झटकली आणि मांडलेल्या भांड्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली.

अक्काचा चेहरा पिठासारखा झाला.

"कशात?" तिचे ओठ नुसतेच हलले. "राजमती, कशात?"

मी बाटली बाहेरच्या कट्ट्यावर, गजांसमोर उपडी ठेवली.

"कांचन!" दारातून आत्यांची हाक आली. "अगं ये की भायेर! महाराज वळलं गल्लीत!"

अक्का दुधाकडे झेपावली, तिथून लापशीकडे, तिथून रसाकडे. काय काढणार होती? चाखून बघावं तर महाराजांच्या आधी उष्टं होणार. सगळं ओतून द्यावं तर चौकाच मोडणार. आत्यांनी आत येऊन तिच्या दंडाला धरलं आणि ओढतच दारात नेलं. थोरल्या सुनेच्या हातात कलश दिला. शेजारी थोरले दीर, मागं आत्या आणि मामा, म्हणजे सासरे. गल्लीत दोन्ही बाजूंना माणसं हात जोडून उभी होती.

महाराज आले. आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजव्या हाताची बोटं खांद्यावर, नजर जमिनीवर, संथ पावलं. साठीचं, वाळलेलं, शांत माणूस. आमच्या दारासमोर आले आणि थांबले. बारा वर्षं मगदुमांच्या दारात महाराज थांबले नव्हते. आत्यांच्या घशातून हुंदका निघाला.

"नमोस्तु महाराज! अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ!" सगळे एका सुरात म्हणाले. "मनशुद्धी! वचनशुद्धी!"

अक्काचा आवाज पहिल्यापासूनच नव्हता.

"म्हण की गं," आत्या तिच्या कानाशी कुजबुजल्या. "कलश तुझ्या हातात हाय. म्हण!"

 अक्काच्या हातातल्या कलशावरचा नारळ कडेला वाजायला लागला. महाराज डोळे खाली लावून उभे.  नेमकं तेव्हाच मला माझ्या घशात कुसळ टोचल्यासारखं वाटलं, पण मी ते गिळलं.

"कायशुद्धी," मामा स्वतःच पुढं म्हणाले.

अक्कानं कलश खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी मटकन बसली.

"नको महाराज," ती म्हणाली. "आत येऊ नका. आहार शुद्ध न्हाई. कशात तरी मध हाय."

महाराजांनी डोळे उचलून एकदा तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. मग तीच संथ पावलं पुढं निघाली. शेजारून चौगुल्यांनी जीव तोडून हाक घातली, "अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ!" महाराज तिथं थांबले. चौगुल्यांच्या घरातून जयजयकार झाला.

"मध?" आत्या म्हणाल्या. "कुठनं आला मध? कुणी सांगितलं तुला?"

"ती निळी बाटली... रिकामी हाय."

"कुठली निळी बाटली?"

"भुशातली."

"भुशात कुणाची बाटली?"

अक्का रडत होती. नाक, डोळे, पदर, सगळं एक झालं होतं. पण आत्यांनी तिचे खांदे धरून गदागदा हलवले, "कुणाची बाटली, कांचन?"

"माझी!" अक्का किंचाळली. "माझी हाय! आधीची पण माझीच! बारीक व्हायला घेत हुते!"

हे गल्लीनं ऐकलं. चौगुल्यांच्या दारातल्या दोघी-तिघींनीही वळून बघितलं. मी बोळातून पुढं आले. मामांचं लक्ष माझ्याकडे गेलं, मग खिडकीच्या कट्ट्यावरच्या उपड्या बाटलीकडे, मग तिच्या खाली. खिडकीखाली जास्वंदीचं झाड आहे. झाडाच्या बुडाशी ओल दिसत होती, आणि तिच्याकडे मुंग्यांची काळी रांग लागली होती, बोळाच्या त्या टोकापासून थेट बुडापर्यंत.

मामा वाकले, बघितलं, आणि सरळ होऊन हळूच म्हणाले, "चौक्यात कायबी न्हाई. मध हितं हाय."

आत्यांनीही वाकून त्या मुंग्या बघितल्या. मग माझ्याकडे आल्या. बारा वर्षांनी दारात थांबलेले महाराज परत गेले होते. आत्यांचा चेहरा एका सकाळीत म्हातारा झाला होता. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

"तुला ठावं हुतं आहार शुद्ध हाय," त्या म्हणाल्या. "महाराज उंबऱ्याशी हुभं हुतं. एक शबूद बोलली असतीस तर आत आलं असतं. का बोलली न्हाईस गं?"

"तुम्ही विचारलं नाही, आत्या," मी म्हटलं.

 त्यानंतर त्या घरात कुठलीही गोष्ट मला विचारल्याशिवाय झाली नाही, अगदी लोणच्यात मीठ किती इथपासून.

आईला आणायला त्या त्याच दुपारी स्वतः गेल्या, एस.टी.नं, धूळ खात. काय बोलल्या, ते आईनं मला कधी सांगितलं नाही. पण दिवस बुडायच्या आत दोघी एकाच रिक्षातून उतरल्या, आणि आईची पिशवी आत्यांच्या हातात होती.

संघ अजून गावात होता. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा चौका लावला. या खेपेला कलश माझ्या हातात होता, शेजारी आमचे हे, मागं पांढरं लुगडं नेसलेली आई. तिच्या मुठीत गुळाचा खडा होता. आत्यांनीच दिला होता, 'आहार झाला की लगेच तोंडात टाका, आता नेम लांबवू नका' म्हणून. अक्काला चौक्यात बंदी होती. ती बोळात, खिडकीशी, काल मी जिथं उभी होते नेमकी तिथं उभी होती. तिला तिथं कुणी उभं केलं नव्हतं. घरात बसवत नसेल तिला.

महाराज गल्लीत वळले. मगदुमांच्या दारात पुन्हा थांबतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते आले, आणि थांबले.

आजही दर थंडीत मला पहाटे खोकल्याची उबळ येते, आणि काकवीत सुंठ कालवताना ती सकाळ आठवते. महाराज समोर उभे. आईचा श्वास माझ्या मानेवर. मी कलश उचलला आणि शब्द उच्चारायच्या आधी बोळाकडे बघितलं. अक्काचे डोळे सुजले होते. मी तिच्या डोळ्यांना डोळा दिला आणि तो जराही न काढता, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मनशुद्धी!"

जीभ अडखळली नाही. खोकलाही आला नाही.